ठोकळे आणले, पण खेळ कुठे गेला?

मैत्रिणींनो, हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि आपल्या बैठकीतल्या शोकेसकडे जरा नजर टाका. काचेमागे, शंखशिंपल्यांच्या आणि कुणीतरी तिरुपतीहून आणलेल्या मूर्तीच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची एखादी गाडी किंवा विमान उभं आहे का? असेल तर त्याच्यावरची धूळ पाहा. मग आठवा, ते बांधायला तुमच्या लेकराला किती वेळ लागला होता, आणि बांधून झाल्यावर त्याने त्याला कितीदा हात लावला.

आमच्या सिंदी मेघेत हा विषय निघाला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला अगदी खेटून. म्हणायला गाव, राहणीने शहर. शेतांचे ले-आउट पडले, घरं उठली, आणि अजूनही चार घरांआड एखादं बांधकाम चालू असतंच. बायका जमल्या की आधी भाजीचे भाव निघतात, मग पोरं. एक वहिनी म्हणाल्या, "बाराशे रुपयांचं खोकं आणलं, अन् पोरगं दोन तासांत म्हणते, आई, झालं, आता दुसरं पाहिजे." दुसरीचा मुलगा खेळतो छान, पण सोबतचं चित्रांचं पुस्तक हरवलं की सगळा खेळ टाकून रडत बसतो. एका काकूंनी तर निकालच लावून टाकला, "चित्र पाहून जोडायचं, त्यात पोराचं डोकं कुठं लागते? आमच्या वेळी आम्ही मातीचे बैल करत होतो."

काकूंचा राग समजण्यासारखा आहे. पण मला वाटतं तो चुकीच्या जागी निघतोय. ठोकळ्याचा यात काही दोष नाही. त्या बिचाऱ्याची गोष्ट जरा ऐका तर खरं.

डेन्मार्क देशात बिलुंड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरं बांधायची कामं मिळेनात, म्हणून १९३२ साली तो लाकडी खेळणी करायला लागला. पुढे त्याच कारखान्याने 'लेगो' हे नाव घेतलं आणि १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे काढले. पण ते आतून नुसते पोकळ होते. एकावर एक चढवले तर बसत, पण जरा धक्का लागला की निसटत. १९५८ साली त्यांनी ठोकळ्याच्या पोटात नळ्या घातल्या. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या खालच्याच्या गोल बटणांना घट्ट धरून ठेवतात, आणि तरीही लहान मुलाच्या हाताने ते सुटतात. सगळी करामत एवढीच. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजून बसतो. त्याचं पेटंट केव्हाच संपलं, म्हणून तर तसलेच ठोकळे कितीतरी नावांनी आणि निम्म्या-पाव किमतीत आपल्या गावच्या दुकानांतही मिळतात.

आता गंमत पाहा. आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. ते एकमेकांत किती तऱ्हांनी बसतात? चोवीस. तीन घेतले तर १,०६०. आणि सहा घेतले तर? कोपनहेगन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक सोरेन आयलर्स यांनी संगणकावर मोजून काढलं, ते भरलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. हा आकडा मी दोनदा वाचला. सहा ठोकळे म्हणजे मूठभरसुद्धा नाहीत हो! तेवढ्यात नव्वद कोटींच्या वर रचना बसत असतील, तर ठोकळ्यात कल्पनेला जागा नाही असं कसं म्हणायचं?

मग दोन तासांत "आई, झालं" का होतं?

होतं ते त्या पुस्तकामुळे. सुरुवातीची बरीच वर्षं ठोकळे नुसते डब्यात भरून मिळायचे. १९६४ पासून काही खोक्यांत बांधायच्या पायऱ्या दाखवणारी चित्रं येऊ लागली. १९९९ साली 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या विमानांची खोकी निघाली, आणि तिथून पुढे सिनेमातलं हे, मालिकेतलं ते, असा सपाटाच सुरू झाला. अशा खोक्यात निम्मे तुकडे खास त्या एकाच वस्तूसाठी घडवलेले असतात असं पाहताना वाटतं. वाकडा पंख, एवढीशी काच, नाकाचं टोक. आठ बटणांचा साधा ठोकळा मात्र शोधावा लागतो. खोक्यावर तयार वस्तूचा झगझगीत फोटो. म्हणजे मुलाच्या हातात पहिला ठोकळा पडायच्या आधीच शेवट काय ते ठरलेलं!

याचा परिणाम काय होतो, हे दोन अभ्यासक बाईंनी तपासून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या पेज मोरो आणि नॉर्वेच्या मारिट एंगेसेट. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना त्यांनी पायऱ्या दाखवणाऱ्या चित्रांबरहुकूम ठोकळे जोडायला दिले, काहींना म्हटलं, वाटेल ते करा. त्यानंतर सगळ्यांना कल्पकतेचं एक वेगळंच काम दिलं. चित्राबरहुकूम जोडणारे त्या दुसऱ्या कामात मागे पडले. एक लक्षात ठेवा, ही कॉलेजातली मुलं होती, आपली पहिली-दुसरीतली नव्हेत. शिवाय ही त्या घडीची गोष्ट आहे, एक विमान जोडलं म्हणून कुणाची बुद्धी कायमची बोथट होत नाही. पण खूण पटते की नाही? नेमकं उत्तर असलेलं काम झालं की मन काही वेळ पुन्हा नेमकं उत्तरच शोधत राहतं.

तेव्हा पुस्तक फाडून टाकायचं का? मुळीच नाही. रांगोळीसुद्धा आपण आधी ठिपके मोजून, आईची वही पाहूनच शिकलो. चित्र पाहून बांधताना मूल मोजायला शिकतं, डावं-उजवं शिकतं, चुकलेलं उसवून पुन्हा लावायला शिकतं. ही काही थोडी शिकवणूक नाही. खरी अडचण पुढेच आहे, आणि ती मी स्पष्टच बोलते. वस्तू बांधून झाली की आपण काय करतो? "किती छान झालं ग बाई! आता तोडू नकोस हं!" फोटो काढतो, मामाला पाठवतो आणि उचलून शोकेसमध्ये ठेवतो. पैसे गेलेले असतात ना, ते काचेआड दिसत राहिलेले बरे वाटतात. काही घरांत तर गोंद लावून पक्कं करतात! ज्या गोष्टीचा सगळा गुण सुटण्यात आहे, ती आपण पक्की करतो.

मोडू द्या. विमान मोडलं की त्याचे दोनशे तुकडे मोकळे होतात. ते जुन्या गाडीच्या तुकड्यांत मिसळू द्या. "या खोक्यातलं या खोक्यात" असा हिशेब डाळ-तांदळाचा ठेवावा, ठोकळ्यांचा नको. पहिले दोन-तीन दिवस मूल म्हणेल, "काय करू? सुचत नाही." हीच वेळ नाजूक असते. आपण लगेच सुचवायला धावतो, नाहीतर मोबाइल हातात देतो. तसं न करता आपल्या पोळ्या लाटत राहावं. अगदीच अडलं तर एखादं घरगुती कोडं घालावं: माझ्या पोळपाटाला पाय कर, आजीच्या चष्म्याला घर कर, हा पेला बसेल एवढा पूल कर. बाबांनाही एक विनंती आहे. रविवारी खेळायला बसलात तर पोराच्या हातातून ठोकळा घेऊन "अरे असं नाही, असं" म्हणू नका. तुमचं बालपण राहून गेलं असेल तर स्वतःचा वेगळा ढीग घ्या.

खोकी किती आणायची, याबद्दलही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २०१८ साली दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर एक पाहणी झाली. एकदा खोलीत चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आपल्या आजीला हे पाहणीशिवायच माहीत होतं म्हणा. पण आता जावेला, नणंदेला सांगताना आधाराला बरं.

आणि ठोकळे मुळीच परवडत नसतील तर? अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आयआयटी कानपूरला शिकलेला इंजिनियर. पुण्याच्या टेल्कोत नोकरीला असताना १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात गेले. तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी जोडाजोडीचा एक संचच तयार केला. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये घालतात ती बारीक रबरी नळी, एवढंच सामान. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्हीकडून काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. हे ज्या मुलाच्या बोटांना एकदा कळलं, ते पुढे पत्र्याच्या शेडखालच्या लोखंडी कैच्या पाहून आपोआप म्हणतं, यात सगळीकडे त्रिकोणच का आहेत ते मला ठाऊक आहे. गुप्ता पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं मुलांसाठी अशीच खेळणी करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरी करून पाहायचं असेल तर काड्यांचा गूल आधी खरवडून टाका, आणि नळी तुम्ही स्वतः कापून द्या.

आपल्याकडे सामान कधी कमी नव्हतंच. भातुकलीत विटेचा तुकडा कुटून केलेलं तिखट आठवतं? पानांच्या पोळ्या, रेतीची साखर? त्या तिखटाला कुणी पुस्तक दिलं नव्हतं. बांधकामावरच्या रेतीच्या ढिगावर आमच्याकडची पोरं आजही बोगदे काढतात. घरमालक ओरडतो, "काय करून राह्यले रे?" आणि सगळी पांगतात. वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला गेलात तर बापू कुटी बघा. आसपास मिळणारी माती, बांबू, कवेलू, एवढ्यावर उभं राहिलेलं घर. आतल्या मातीच्या भिंतींवर मीराबेनने हाताने उठावाची झाडं काढली आहेत. आमची पोरं सहलीला गेली की बाकीचं ऐकतात की नाही कोण जाणे, पण भिंतीपाशी मात्र थबकतात.

पण एक सांगते. माती चांगली आणि प्लॅस्टिक वाईट, असा सोपा न्याय मला करायचा नाही. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि सहा वाजता ऑफिसातून येणाऱ्या बाईने चिखल कुठे कालवायचा? तिला ठोकळेच सोयीचे. आणि मुलींच्या बाबतीत तर माझा आग्रहच आहे. अजूनही मुलाला ठोकळे आणि मुलीला बाहुली, नाहीतर स्वयंपाकाचा सेट, असं सर्रास चालतं. कंपन्यांनीही गुलाबी खोकी वेगळी काढली आहेत. तुम्ही साधी खोकी आणा. लेकीला पूल बांधू द्या, आणि मुलगा ठोकळ्यांची चूल करत असेल तर त्यालाही हसू नका.

विकत घेताना काय पाहाल? आधी आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर ते सक्तीचं झालं आहे, तरी बिनचिन्हाचा माल दिसतोच. वासाने नाक चुरचुरतं असे ठोकळे घरी आणू नका. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर लहान ठोकळे वर ठेवा, कारण ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी मोठे ठोकळे वेगळे मिळतात. एका वस्तूचं महागडं खोकं घेण्यापेक्षा त्याच पैशात साध्या ठोकळ्यांचा मोठा डबा घ्या. त्यात चाकं चार-आठ असावीत, आणि दारं-खिडक्या असल्या तर उत्तम. खेळायला एक जुनी चादर ठरवून टाका. संध्याकाळी चारही टोकं धरून उचलली की पसारा आवरला, आणि अंधारात पायाखाली ठोकळा आल्यावर तोंडून जे निघतं तेही टळलं. अर्धवट बांधलेलं मात्र चादरीत ओतू नका. त्याला पलंगाखाली एक परात किंवा ट्रे द्या, उद्या पुढे चालू.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्ध आहे. (ते सिंदी वेगळं, आमचं सिंदी मेघे वेगळं, घोटाळा करू नका.) पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. बैल बाजारातून तयारच येतो, पण झूल, बेगड, शिंगांचे गोंडे घरी करायचे असतात. यंदा त्या बैलाला जोडायला बंडी हवी असं लेकराला सांगून पाहा. ठोकळ्यांची, आणि चालणारी. बैलाच्या मापाचं जू कसं करायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

ठोकळे मळले की कोमट पाण्यात साबणाचा चुरा घालून हातानेच धुवा. कढत पाणी नको, वॉशिंग मशीनही नको, त्याने ते वाकतात. वाळवायला उन्हात टाकू नका, आमच्या वर्ध्याच्या उन्हात तर नाहीच. टॉवेलवर पंख्याखाली पसरा.