जुन्या गाडीचे इंजिन ऑइल बदलावे कधी? आदिलाबादच्या रस्त्यांवरचा हिशेब

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. नदीच्या दोन्ही तीरांवर काळी जमीन आणि कापूस. बेला, जैनद या मंडलांतील अनेक गावांत बोलभाषाही पलीकडचीच, म्हणजे मराठी. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले भाग याच जिल्ह्यात मोडत होते. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'सात नंबर', जिल्ह्यातून जातो. आदिलाबाद शहरापासून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे ३००.

जुन्या मोटारी येथे येतात त्या या दोन्ही दिशांनी. नंबरपाटी वाचता आली तर गाडीची अर्धी जन्मकथा कळते. एमएच-२९ म्हणजे यवतमाळ, एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर. एपी-०१ ही पाटी असेल तर गाडी अखंड आंध्र प्रदेशाच्या काळातली, म्हणजे २०१४ किंवा त्याआधीची. टीएस-०१ त्यानंतरची, आणि टीजी-०१ ही २०२४पासूनची. गाडीचे वय, मालकांची संख्या, विमा, फिटनेस हे सारे कागदावर सापडते. कागदावर सहसा न सापडणारी गोष्ट एकच, इंजिनात आत्ता जे तेल आहे ते कोणते, किती जुने आणि कुणी भरलेले. विकणारा सांगतो, ‘ऑइल आत्ताच बदलले आहे.’ ते खरेही असू शकते, पण घेणाऱ्याला ते पडताळण्याचे साधन बहुधा नसते.

म्हणून वापरलेल्या गाडीच्या बाबतीत पहिला निर्णय सोपा आहे. तारीख, किलोमीटर आणि तेलाची श्रेणी नोंदवलेले बिल हाती नसेल, तर गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. फिल्टर तसाच ठेवून नुसते तेल बदलणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे पुन्हा चढवणे. लहान पेट्रोल मोटारीत तीन ते साडेतीन लिटर तेल मावते. हा खर्च काही हजारांत भागतो. तेलाअभावी बेअरिंग गेले आणि इंजिन उघडून बांधावे लागले, तर दहा-बारा वर्षांच्या गाडीत तो खर्च गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होऊ शकतो. कापसाच्या पैशातून गाडी घेणाऱ्या घराला दुसऱ्या हंगामापर्यंत ती दारात उभी ठेवण्याखेरीज मग पर्याय उरत नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. पुढचे ऑइल कधी?

याचे उत्तर तेल नेमके कशाने 'संपते' यात आहे. इंजिन ऑइल म्हणजे केवळ वंगण नव्हे. मूळ तेलात अनेक रासायनिक द्रव्ये मिसळलेली असतात. काही द्रव्ये काजळी आणि राळ सुटी ठेवून तेलात तरंगत ठेवतात. काही इंधनाच्या ज्वलनातून उत्पन्न होणारी आम्ले मारतात. जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. मूळ तेल बराच काळ टिकते, ही द्रव्ये मात्र खर्ची पडत जातात. आम्ल मारणारी शिबंदी संपली की बेअरिंगचा मऊ धातू गंजू लागतो, आणि काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये थकली की गाळ खाली बसू लागतो. हे सारे डोळ्यांना दिसत नाही.

रंगावरून निवाडा करण्याची सवय म्हणूनच फसवी आहे. डिझेल गाडीचे ताजे तेल काहीशे किलोमीटरांतच काळे पडते. काजळी इंजिनाला चिकटू न देता तेल ती स्वतःत सामावून घेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट पेट्रोल गाडीतील मधासारखे दिसणारे तेल दीड-दोन वर्षे उभे असेल, तर ते निकामी असू शकते. रंगांपैकी एकच खरोखर घाबरवणारा आहे, तो म्हणजे दुधाळ. डिपस्टिकवर चहासारखे दुधट तेल दिसले तर पाणी किंवा कूलंट आत शिरले आहे असे समजावे. हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता असते आणि तेथे ऑइल बदलून काही साधत नाही. (तेल भरण्याच्या झाकणाच्या आत थोडा पांढरट साय लागलेला असेल आणि डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असेल, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते.)

अनेक आधुनिक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत दिलेली असते. 'यांपैकी जे आधी' हे शब्द वाचलेच जात नाहीत. वर्षात जेमतेम ३,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा मालक तीन वर्षे निर्धास्त राहतो. त्याच पुस्तिकेत पुढे आणखी एक तक्ता असतो, 'कठीण परिस्थिती'चा. धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या फेऱ्या, ओझे ओढणे, दीर्घकाळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे या स्थितींत मुदत पुष्कळ कमी, अनेकदा निम्म्यावर आणलेली असते. आदिलाबादमधील बहुतेक गाड्या या दुसऱ्या तक्त्यात बसतात, पण सर्व्हिसिंग पहिल्या तक्त्याप्रमाणे होते.

किलोमीटरचा आकडा मुळात काय मोजतो, हेही पाहण्यासारखे आहे. महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी १०,००० किलोमीटर कापते तेव्हा इंजिन २०० तास चाललेले असते. तीच गाडी गावरस्त्यांवर, बाजारात, जिनिंगच्या रांगेत ताशी २०च्या सरासरीने चालली, तर तेवढ्याच किलोमीटरांसाठी इंजिन ५०० तास चालते. मीटर दोघींचा सारखाच. तेलाने भोगलेले तास अडीचपट. जुनी गाडी घेताना ‘हायवेची गाडी आहे’ या वाक्याला म्हणूनच काहीएक अर्थ आहे. नागपूर-हैदराबाद धावून लाख किलोमीटर झालेली गाडी, शहरात साठ हजार रखडलेल्या गाडीपेक्षा आतून निरोगी असू शकते. अर्थात मीटर मागे फिरवलेला नाही हे गृहीत धरून! तसा संशय असेल तर पेडलांच्या रबराची झीज, चालकाच्या आसनाची कड आणि स्टीअरिंगची चकाकी मीटरपेक्षा अधिक प्रामाणिक असते.

आदिलाबादची खरी परीक्षा धुळीची आहे. कापूस वेचणीपासून उन्हाळ्यापर्यंत काळ्या मातीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या चाकांनी उडालेली बारीक धूळ तासन् तास हवेत राहते. मातीत सिलिका असते, आणि सिलिका इंजिनाच्या धातूंना खरवडते. एअर फिल्टर तुंबला, फाटला किंवा नीट बसला नाही, तर ही धूळ सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन रिंगांवरून तेलात उतरते आणि तेल हेच मग घासणीचे पाणी बनते. ऑइल फिल्टर सगळेच बारीक कण अडवू शकत नाही. त्यामुळे येथे ऑइलची मुदत ठरवताना एअर फिल्टरची अवस्था आधी पाहावी. धुळीच्या वाटेवर रोज जाणाऱ्या गाडीसाठी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने हा टप्पा अतिसावधपणाचा म्हणता येणार नाही. रोज महामार्गाने जाणारी आणि नीट नोंद असलेली गाडी मात्र पुस्तिकेतील पूर्ण मुदत गाठू शकते. तिचे तेल अर्ध्यावर काढणे म्हणजे पैसे आणि तेल दोन्ही वाया घालवणे.

हवामानाबद्दल गैरसमज फार. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तेलंगणातील सर्वांत बोचऱ्या थंडीच्या प्रदेशांतही हाच जिल्हा येतो. म्हणून कुणी उन्हाळ्यात जाड आणि हिवाळ्यात पातळ तेल सुचवतो. एकश्रेणी तेलांच्या काळात तो सल्ला योग्य होता. आजच्या ५डब्ल्यू-३० सारख्या बहुश्रेणी तेलात डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातील जाडी. ती १०० अंशांवर मोजतात. ५डब्ल्यू श्रेणीची चाचणी शून्याखाली ३० अंशांवर होते. आदिलाबादच्या थंडीला ती पुरून उरते. उन्हाळ्याचे म्हणाल तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचे तापमान ठरावीक पट्ट्यात राखतात. बाहेर ४५ आहे म्हणून आपल्या मनाने जाड तेल ओतण्याची गरज नसते. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-४० भरले, तर अरुंद वाटांमधून ते वेळेवर पोहोचत नाही आणि सकाळी गाडी सुरू करताना वरच्या भागांची झीज वाढते. जाड तेल भरताच जुन्या इंजिनाचा आवाज दबतो हे मात्र खरे. विकण्यापूर्वी ते भरले जाते यामागे हेही एक कारण असते.

१ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ निकष आले आणि डिझेल मोटारींत काजळी गाळणारे डीपीएफ बसले. ही गाडी सतत छोट्या फेऱ्यांत फिरली तर गाळणीतील काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट राहते, जादा फवारलेले डिझेल तेलात उतरते आणि डिपस्टिकवरील पातळी वाढू लागते. तेल कमी न होता वाढते आहे म्हणून मालक खूश असतो! अशी वाढलेली पातळी दिसली, तर किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, तेल बदलायलाच हवे. या गाड्यांना कमी राख सोडणारे, पुस्तिकेत नमूद केलेल्या श्रेणीचेच तेल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले तेल त्यात ओतणे महागात पडते.

गोव्यातील वाचकांसाठी हाच हिशेब उलट्या बाजूने लागू पडतो. येथे धूळ कमी, पण अंतरे लहान आणि हवा दमट. म्हापसा ते पणजी हे अंतर जेमतेम १३ किलोमीटर; फेरीबोटीच्या रांगेतले थांबणे वेगळे. इंजिनाचे पाणी लवकर तापते, तेल मात्र सावकाश. ते पुरेसे तापण्याआधीच गाडी थांबली तर ज्वलनातून आलेली वाफ आणि कच्चे पेट्रोल तेलातून उडून जात नाहीत. पावसाच्या चार महिन्यांत रोज अशाच फेऱ्या झाल्या तर किलोमीटर भरत नाहीत, पण तेल थकते. अशा गाडीला किलोमीटरपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचे, आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवणे हितावह. पर्यटकांना भाड्याने देऊन झालेली गाडी विकत घेणाऱ्याने तर पहिल्या आठवड्यातच ऑइल बदलण्याचा वर दिलेला नियम काटेकोर पाळावा.

पहिले ऑइल बदलल्यावर गाडी स्वतःच पुढची मुदत सांगू लागते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. दर ५०० किलोमीटरला पातळी वहीत लिहावी. बऱ्याच मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते. दोन-तीन हजार किलोमीटरांत पातळी फारशी हलली नाही तर इंजिन सुस्थितीत आहे. हजार किलोमीटरांमागे अर्धा-एक लिटर जात असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा गळती पाहावी लागते. तोवर नुसते भरत राहून 'ऑइल आपोआप नवे होते' असे मानणे चूक, कारण आतला गाळ आतच राहतो. डॅशबोर्डवरचा लाल तेलदाणीचा दिवा ही तर सर्व्हिसची आठवण नव्हेच. तेलाचा दाब नाहीसा झाल्याची ती सूचना आहे. तो चालू गाडीत पेटला तर पुढच्या गावापर्यंत नेण्याचा विचार न करता तेथेच इंजिन बंद करावे.

वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनात झाकण उघडताच काळा गाळ दिसला, तर जोरदार फ्लश मारून तो एका दमात काढण्याचा मोह टाळावा. सुटलेली ढेकळे तेल ओढणाऱ्या जाळीत अडकली की दाब जातो. चांगल्या श्रेणीचे तेल आणि नवा फिल्टर घालून १,५००-२,००० किलोमीटरांनी पुन्हा दोन्ही बदलणे हा संथ, पण सुरक्षित मार्ग. तेलाचा डबा सीलबंद आहे ना हे समोर पाहून घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा; नकली तेल भरायला असेच डबे शोधले जातात.

काढलेल्या काळ्या तेलाचे काय होते, याकडे गावांत कुणी पाहत नाही. ते बैलगाडीच्या आखाला लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासतात, उरलेले बांधावर ओततात. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे असतात. हाताला लागले तर साबणाने धुवावे, विहिरीजवळ तर मुळीच सांडू नये. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. त्यामुळे गॅरेज निवडताना दराबरोबरच निघालेले तेल ते कुठल्या पिंपात साठवतात आणि कुणाला देतात, हेही विचारून घ्यावे.