मेकफाइल आणि डिरेक्टऱ्यांचं झाड

एखादं जुन्या घडणीचं मोठं सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधायला घेतलं, की टर्मिनलवर ठरावीक ओळींचा ओघ सुरू होतो. मेक अमुक डिरेक्टरीत शिरत आहे, मेक तमुक डिरेक्टरीतून बाहेर पडत आहे. ‘मेक’ या बांधणीच्या साधनाच्या नावापुढे चौकटी कंसात आकडा असतो. सगळ्यांत वरच्या मेकला आकडा नसतो, त्याने खाली चालवलेल्या मेकला १, त्यानेही खाली आणखी एक चालवलं तर त्याला २. म्हणजे एकच मेक फिरत नसतं. प्रत्येक सबडिरेक्टरीत नवं मेक जन्माला येतं, तिथली मेकफाइल, म्हणजे नियमांची फाइल, वाचतं, आपलं काम उरकतं आणि यश की अपयश एवढंच वर कळवून संपतं. हजारो पॅकेजांची बांधणी माणसाच्या मदतीशिवाय व्हावी म्हणून प्रोग्रॅमर मंडळींनी वापरलेली ही एक जुनी युक्ती. तिचं सामर्थ्य आणि तिचा दोष एकाच जागी आहेत, आणि ती जागा ओळखायला बरीच वर्षं गेली.

मूळ मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यामागचा प्रसंग त्यांनीच सांगितलेला आहे. ‘यॅक’ हे पार्सर तयार करणारं साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी तणतणत त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. फेल्डमन स्वतः आदल्याच संध्याकाळी तशाच घोळाशी झगडले होते. कुठली फाइल कशापासून बनते हे एकदा लिहून ठेवावं आणि काय पुन्हा बनवायचं ते यंत्राने ठरवावं, हा विचार तिथून आला.

मेकचा नियम तीन भागांचा असतो: काय बनवायचं, ते कशावर अवलंबून आहे, आणि बनवायचं कसं. ज्यावर अवलंबून आहे ती फाइल बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तर कृती चालवायची, नाहीतर हात लावायचा नाही. फाइलवरची वेळ एवढाच पुरावा. मेकला सी भाषा कळत नाही, कंपाइलर कळत नाही, आणि म्हणूनच ते पुस्तकाची छपाईप्रत तयार करायलाही चालतं. सगळे नियम वाचून ते मनाशी अवलंबनाचा एक पूर्ण ग्राफ उभा करतं, मग त्या ग्राफवरून चालत जातं. माझ्या मते मेकमधली थोर गोष्ट ही ग्राफची आहे. २००३ साली एसीएम या संस्थेने फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला, तो या साधनासाठीच.

कृतीची प्रत्येक ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे, हा नियमही तेव्हापासूनचा. तो बदलावा असं फेल्डमन यांना वाटलं, तोवर डझनभर सहकारी मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या मेकफाइली मोडायची फेल्डमन यांची इच्छा नव्हती. आजही टॅबच्या जागी स्पेस पडल्या तर मेक अडून बसतं.

प्रोग्रॅम वाढले तशा डिरेक्टऱ्या वाढल्या. लायब्ररी एकीकडे, मुख्य प्रोग्रॅम दुसरीकडे, मदतपानं तिसरीकडे, आणि प्रत्येक भागाला आपापला माणूस. साहजिकच प्रत्येक डिरेक्टरीत आपापली मेकफाइल आली आणि वरच्या मेकफाइलमध्ये शेलचा एक फेरा: यादीतल्या प्रत्येक डिरेक्टरीत जा, मेक चालव, पुढच्या डिरेक्टरीत जा. चार ओळींत काम झाल्यासारखं दिसतं. या चार ओळींत मात्र बरंच काही चुकू शकतं. फेऱ्याच्या मध्यातल्या डिरेक्टरीत कंपाइलर अडखळला, तरी शेल थांबत नाही. तो पुढची डिरेक्टरी घेतो, आणि शेवटची व्यवस्थित बनली तर वरच्या मेकला यश कळवतो. अपयशाची ओळ शेकडो ओळींखाली गाडली जाते. ज्याला फेराच ठेवायचा आहे त्याने निदान प्रत्येक पायरीनंतर ‘चुकलं तर बाहेर पड’ असं स्पष्ट लिहायला हवं. नवख्यांना आणखी एक गोष्ट छळते. मेक कृतीची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतं, त्यामुळे एका ओळीत डिरेक्टरी बदलली तर पुढच्या ओळीला त्याचा पत्ता नसतो.

ग्नू प्रकल्पाच्या मेकमध्ये, म्हणजे ग्नू मेकमध्ये, याची उत्तरं घडत गेली. आतलं मेक चालवताना आज्ञेचं नाव थेट लिहायचं नाही. डॉलर चिन्ह आणि कंसात मोठ्या अक्षरांत मेक, असं चल लिहायचं. त्यामुळे वर जे मेक चाललं आहे तेच खाली चालतं आणि वरून दिलेले पर्याय आपोआप झिरपतात. मेकला हायफन-एन दिलं तर ते आज्ञा चालवत नाही, फक्त छापून दाखवतं. पण ज्या ओळीत हे चल आहे ती ओळ तेव्हाही खरोखर चालते, म्हणून ही तालीम झाडाच्या शेवटच्या फांदीपर्यंत पोहोचते.

समांतर बांधणीचा प्रश्न अधिक अवघड होता. हायफन-जे देऊन आठ कामं एकाच वेळी करायला सांगितली आणि खालच्या प्रत्येक मेकनेही आठ-आठ सुरू केली, तर यंत्राचा जीव जाईल. १९९९ साली ग्नू मेकच्या ३.७८ या आवृत्तीत याचं उत्तर आलं. वरचं मेक एक पाइप उघडून त्यात मर्यादेपेक्षा एक कमी, म्हणजे इथे सात अक्षरं टाकतं. एक काम प्रत्येक मेकला हक्काचं. त्याहून जास्त हवं असेल तर पाइपातून एक अक्षर उचलायचं आणि काम संपल्यावर परत ठेवायचं. कोणी कोणाला ओळखत नाही, मध्यवर्ती मुकादम नाही, तरी साऱ्या झाडात मिळून आठच्या वर कामं जात नाहीत. इतकं साधं आणि इतकं पुरेसं यंत्र मी सॉफ्टवेअरमध्ये फार कमी पाहिलं आहे.

मात्र शेलच्या फेऱ्याला याचा फायदा मिळत नाही, कारण मेकच्या दृष्टीने तो सगळा फेरा हे एकच काम असतं. म्हणून जाणती माणसं फेरा सोडून प्रत्येक सबडिरेक्टरीलाच टार्गेट, म्हणजे बनवायची वस्तू, ठरवतात. डिरेक्टरी तर आधीपासून अस्तित्वात असते, त्यामुळे ‘हे आधीच बनलेलं आहे’ असं समजून मेकने सोडून देऊ नये यासाठी या टार्गेटांना ‘फोनी’ ठरवायचं. कृती एकच: हायफन-सी वापरून त्या डिरेक्टरीत मेक चालव. आणि लायब्ररी आधी हवी असेल तर एक ओळ लिहायची, की प्रोग्रॅमची डिरेक्टरी लायब्ररीच्या डिरेक्टरीवर अवलंबून आहे. आता क्रम यादीतल्या जागेवरून ठरत नाही, तर लिहून ठेवलेल्या अवलंबनावरून ठरतो. बाकीच्या डिरेक्टऱ्या एकाच वेळी बनतात आणि एक अडली तर मेक थांबतं.

तरीही मूळ दोष राहतो. तो नेमका दाखवून दिला ऑस्ट्रेलियाच्या पीटर मिलर यांनी, १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या युनिक्स वापरकर्त्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या निबंधात. रिकर्सिव्ह मेक, म्हणजे मेकने आत पुन्हा मेक चालवणं, घातक आहे, असं त्याचं शीर्षकच सांगतं. त्यांच्या उदाहरणात दोन डिरेक्टऱ्या आहेत, एक ‘अँट’ आणि एक ‘बी’. ‘बी’मध्ये यॅककडून एक हेडर फाइल तयार होते आणि ‘अँट’मधला कोड ती वापरतो. ‘अँट’मधल्या मेकला ती फाइल दिसते, पण ती कशापासून बनते हे माहीत नसतं, कारण तो नियम ‘बी’च्या मेकफाइलमध्ये आहे. मग ते जुनीच हेडर घेऊन कंपाइल करतं. पुढे ‘बी’त नवी हेडर बनते, आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या हेडरवर बेतलेले एकत्र जोडले जातात. जॉन्सन यांची सकाळ घालवणारा घोळ तो हाच, आणि ज्या साधनाने तो मिटवायचा त्याच साधनातून तो पुन्हा आत आला.

लोक यावर उपाय करत. डिरेक्टऱ्यांचा क्रम बदलायचा, मेक दोनदा चालवायचं, नाहीतर गरजेपेक्षा जास्त फाइली पुन्हा बनवायच्या. मिलर यांचं निदान असं, की या सगळ्या खटपटी एकाच कारणातून येतात: ग्राफचे तुकडे केले आहेत आणि प्रत्येक मेकच्या हातात एकच तुकडा आहे. अपुऱ्या माहितीवर मेक चुकीचं उत्तर देतं, त्यात मेकचा दोष नाही. त्यांनी सुचवलं, की प्रत्येक डिरेक्टरीत मेकफाइलचा छोटा तुकडा राहू दे, पण ते सगळे तुकडे ‘इन्क्लूड’ करून वर एकच मेक चालवा. पूर्वीच्या यंत्रांना एवढा मोठा ग्राफ मेमरीत मावत नसे. मिलर लिहीत होते तोवर ती अडचण उरली नव्हती.

निदान निर्विवाद आहे, पण लिनक्स कर्नेल आजही रिकर्सिव्ह मेकवर बांधला जातो. २.५ आवृत्तीच्या काळात कीथ ओवेन्स यांनी रिकर्शन टाळणारी नवी बांधणी तयार केली होती. ती मुख्य कर्नेलमध्ये गेली नाही. काई गेर्माशेव्स्की यांनी जुन्या चौकटीत टप्प्याटप्प्याने केलेल्या सुधारणा गेल्या. कर्नेलला हे निभावतं याचं कारण त्याच्या रचनेत आहे. आपोआप तयार होणाऱ्या हेडर फाइली डिरेक्टऱ्यांमध्ये उतरण्याआधी तयारीच्या टप्प्यात बनवून घेतात. त्यानंतर एका ड्रायव्हरच्या डिरेक्टरीला शेजारच्या डिरेक्टरीतून शेवटच्या जोडणीपर्यंत फारसं काही लागत नाही. तुकडे जिथे केले आहेत तिथे खरोखरच सांधा आहे.

हा सांधा सर्वांत स्वच्छ दिसतो तो पॅकेजांच्या संग्रहात, आणि असा नावाजलेला संग्रह म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा पोर्ट्स. जॉर्डन हबर्ड यांनी १९९३-९४ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. आज त्यात तीस हजारांहून अधिक पोर्ट, म्हणजे एकेक पॅकेज बांधण्याच्या कृती, आहेत. सर्वांत वर एक मेकफाइल, तिच्यात विभागांच्या सबडिरेक्टऱ्यांची यादी. विभागाच्या मेकफाइलमध्ये पोर्टची यादी, एका ओळीवर एक. पोर्टच्या डिरेक्टरीत कोड नसतो. तिथली मेकफाइल बहुधा छोटी असते: नाव, आवृत्ती, मूळ कोड कुठून उतरवायचा, सांभाळकर्ता कोण, कशावर अवलंबून. शेजारी उतरवलेल्या फाइलची चेकसम, वर्णन आणि लागतील ते पॅच. बाकी सगळं शहाणपण हजारो ओळींच्या सामाईक मेकफाइलींमध्ये. कोड उतरवणं, पडताळणं, उलगडणं, पॅच लावणं, कॉन्फिगर करणं, बांधणं, पॅकेज करणं, अशी साखळी असते. कामाच्या डिरेक्टरीत प्रत्येक टप्प्यानंतर एक लपलेली खूणफाइल ठेवली जाते, म्हणून मध्येच वीज गेली तरी झालेले टप्पे पुन्हा करावे लागत नाहीत. फाइलची वेळ बघून काम ठरवण्याचा फेल्डमन यांचा विचार इथे मोठ्या मापावर वापरलेला दिसतो.

एखाद्या विभागात उभं राहून मेक म्हटलं तर विभागातले सगळे पोर्ट बांधायला घेतले जातात. हे रिकर्शन झाडाच्या फांद्यांवरून उतरणारं. दुसरं रिकर्शन अवलंबनावरून चालतं. एखाद्या पोर्टला एक ग्राफिक्स लायब्ररी हवी आहे आणि ती यंत्रावर नाही, तर मेक त्या लायब्ररीच्या पोर्टच्या डिरेक्टरीत जाऊन आधी तिला बसवून येतं. तिलाही काही हवं असेल तर तेही. एक आज्ञा द्यायची आणि पन्नास पॅकेजं आपोआप उभी राहायची, यात मोठा आनंद आहे. तो ज्याने घेतला आहे त्याला दुसरा अनुभवही असतो: रात्री बिल्ड लावून झोपावं आणि सकाळी पाहावं, तर कुठल्याशा आतल्या पोर्टने पर्यायांची निळी चौकट उघडून उत्तराची वाट बघत रात्र काढलेली. यासाठीच आधी सगळे प्रश्न विचारून घेणारं आणि आधी सगळा कोड उतरवून घेणारं अशी वेगळी रिकर्सिव्ह टार्गेट आहेत.

पॅकेजांच्या सीमेवर मिलर यांच्या टीकेचा जोर कमी होतो. एका पॅकेजच्या आतल्या फाइलींशी दुसऱ्याला कर्तव्य नसतं, त्याला बसवलेली तयार वस्तू लागते. मात्र पूर्ण ग्राफ कोणाकडेही नाही, ही उणीव इथेही शिल्लक होती. यंत्रावर आधीपासून असलेली लायब्ररी चुपचाप बिल्डमध्ये मिसळते. जुनी आवृत्ती बसवलेली असेल तर ‘आहे’ म्हणून पुढे जाता येतं. पूद्रिएर या साधनाने ही उणीव भरून काढली. ते सुरुवातीलाच हव्या असलेल्या सगळ्या पोर्टना त्यांची अवलंबनं विचारून घेतं, पूर्ण ग्राफ मांडतं, आणि मग एकेका पोर्टसाठी स्वच्छ जेलमध्ये, म्हणजे बाकी यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या वातावरणात, मेक चालवतं. त्या जेलमध्ये फक्त त्या पोर्टने जाहीर केलेली पॅकेजं आणि त्यांना लागणारी पॅकेजं असतात. मेकफाइलमध्ये एखादं अवलंबन लिहायचं राहिलं असेल तर बिल्ड बहुधा तिथेच अडतो. बघण्याचं काम एका ठिकाणी आणि करण्याचं काम वाटून, ही विभागणी मला सगळ्यांत पटते. एम्बेडेड यंत्रांसाठीचं बिल्डरूट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचलं. त्यात साऱ्या पॅकेजांच्या मेकफाइली एका मेकमध्ये इन्क्लूड होतात, आणि पॅकेजच्या आत त्याचं स्वतःचं मेक चालतं.

फ्रीबीएसडीची अधिकृत पॅकेजं आज पूद्रिएरवरच बांधली जातात. हजारोंच्या त्या रांगेत एखादा पोर्ट फसला तर त्याच्यावर अवलंबून असलेले तेवढे वगळले जातात, बाकीची रांग चालू राहते. प्रत्येक पोर्टचा स्वतंत्र लॉग राहतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या ओळींतच मेकफाइलमधून उचललेला सांभाळकर्त्याचा पत्ता छापलेला असतो.