गोधडीखालचं तापमान

कार्बन तंतूंचा जुडगा हाताला रेशमासारखा मऊ लागतो. तो मोडला की मात्र त्यातले तंतू तुटून बोटात घुसतात, म्हणून शिवणारी ताई त्याला फारसा हात लावत नाही. कापडावर तो नागमोडी मांडायचा आणि दोन्ही बाजूंनी झिगझॅग टाका घालत मशीन पुढं न्यायचं. टाका जुडग्यावरून जातो, सुई मात्र त्याच्या आत शिरता कामा नये. शिरली तर काही तंतू तुटतात, तेवढ्या जागी रोध वाढतो आणि नेमकी तीच जागा जास्त तापते. वरून कापड नवंकोरं दिसतं, आत चटक्याची सोय झालेली असते.

नाशिकमधल्या या छोट्या कारखान्यात म्हाताऱ्या माणसांसाठी तापणाऱ्या कंबरपट्ट्या आणि जाकिटं शिवतात. जवळच्या निफाडला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, त्यामुळे गिऱ्हाइकं लांबून आणावी लागत नाहीत. जोडणीचं काम मी बराच वेळ बघत बसले होते. कार्बनवर सोल्डर धरत नाही, म्हणून टोकांना धातूची टोपी दाबून बसवतात. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याला सोल्डरिंगचं टोक टेकवलं तर आतलं नायलॉनच वितळतं. तिथं साधं टिचबटण कामाला येतं. त्यातून वीजही जाते आणि धुण्याआधी बॅटरी काढूनही ठेवता येते. तरी वारंवारच्या धुण्यानं मुलामा झिजतो आणि धाग्याचा रोध वाढत जातो. म्हणून धुऊन आलेला नमुना पुन्हा मल्टिमीटरवर धरतात.

वीज लागते ती थोडीच. पॉवर बँकेचे 5 व्होल्ट आणि पट्टीचा रोध 5 ओहम असेल, तर 1 अँपिअर प्रवाह वाहतो आणि 5 वॉट उष्णता मिळते. खोली तापवायला हजार-दोन हजार वॉटचा हीटर लावावा लागतो. अंगालगतच्या कापडाचं 5 वॉटमध्ये भागतं. थंड हवेच्या प्रदेशांत घर निदान 18 अंश उबदार असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलं, आणि वृद्धांना त्याहून जास्त ऊब लागू शकते हेही नोंदवलं. वयाबरोबर स्नायू कमी होतात, शरीरात तयार होणारी उष्णता घटते, हुडहुडी उशिरा आणि कमी भरते, थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या आवळत नाहीत. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की जिवाला धोका असतो. म्हाताऱ्या माणसाला थंडी ‘सोसत नाही’ म्हणतात त्यामागं इतकं सगळं आहे.

खरी परीक्षा मात्र उबेपेक्षा तिला आवर घालण्याची आहे. संवेदक न बसवलेला एक नमुना टेबलावर उघडा ठेवला, तेव्हा तो चाळिशीच्या आसपास स्थिरावला. मग त्यावर घडी घातलेली गोधडी टाकली. वीज तेवढीच, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. आकडा चढत चढत सत्तेचाळीसच्या पुढं गेला. टेबलावर सुरक्षित असलेली पट्टी अंथरुणात सुरक्षित राहतेच असं नाही, हे त्या गोधडीनं मला जितकं नीट दाखवलं तितकं कुठल्याच माहितीपत्रकानं दाखवलं नव्हतं.

त्याच दुपारी एक आजी जाकीट घालून बघायला आल्या होत्या. साखरेचा त्रास जुना.

‘आजी, गरम लागतंय का?’

‘कुठं गं? नुसतं कोमट.’

मीटरवर 42 होते. तीच पट्टी माझ्या मनगटाला चांगलीच कढत लागली. आजींचं बोट मात्र बटण आणखी वाढवायला सरकलं होतं.

अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार 44 अंशांवर कातडी भाजायला सुमारे सहा तास लागतात, आणि तिथून पुढं प्रत्येक अंशाला ही वेळ साधारण निम्मी होते. सहा तास म्हणजे एक झोप. तरुण माणूस झोपेतही कूस बदलतो, पट्टी बाजूला सारतो. ज्याची संवेदना बोथट झाली आहे, ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या वतीनं हे काम कापडानंच करायला हवं.

त्यासाठी मण्याएवढा संवेदक आत शिवतात, पण त्याला फक्त स्वतःच्या जागेची खबर असते. घडी दुसरीकडं पडली तर त्याला पत्ता नाही. म्हणून मला जास्त भरवसा वाटतो तो कार्बनचे कण मिसळलेल्या प्लास्टिकच्या थराचा. तापलं की ते प्लास्टिक फुगतं, कण एकमेकांपासून दुरावतात, रोध वाढतो आणि प्रवाह तिथल्या तिथं कमी होतो. जिथं घडी, तिथंच आवर. मुलांना मोबाइलवरून चालणारं जाकीट हवं असतं. सांधे आखडलेल्या बोटांना लागतं ते हातमोज्यातूनही फिरेल असं मोठं बटण आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होणारं यंत्र. पैसे त्यावर खर्च व्हावेत.

औषधांचं अजून कुणी फारसं विचारत नाही, ते विचारायला हवं. तीव्र वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी कातडीला लावलेली असेल, तर वरून शेक दिल्यानं औषध शरीरात जास्त भिनतं आणि श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. इथं विक्रीच्या वेळी आता हा प्रश्न विचारतात. तापणाऱ्या पायमोज्यांची मागणी सगळ्यात जास्त आहे, कारण म्हातारपणी पावलं आधी गार पडतात. पण मधुमेहात संवेदनाही बहुधा तिथूनच जाते, आणि तिथली भाजलेली जखम लवकर भरत नाही. त्यामुळे मोज्यांची ऑर्डर हा कारखाना घेत नाही. विचारायला येणाऱ्यांना लोकरीचे जाड, सैल मोजे घ्यायला सांगून परत पाठवतात.