टर्बोभारक व काजळीचे दोष, डीझेल वाहनांतील

डीझेल एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून तिच्या साहाय्याने एंजिनाला दाबाखाली हवा पुरविणाऱ्या साधनाला टर्बोभारक म्हणतात. कारागिरांच्या बोलीत त्याला नुसते ‘टर्बो’ म्हटले जाते. सिलिंडरात आलेल्या हवेच्या मानाने इंधन जास्त झाले वा ते नीट मिसळले नाही, तर त्यातील कार्बनाचा काही भाग न जळता राहतो व त्याची काजळी बनते. जुन्या वाहनाची ओढ कमी होणे, काळा धूर येणे, वंगण तेल घटत जाणे, शिट्टीसारखा आवाज येणे ही लक्षणे दिसू लागली की, टर्बोभारक निकामी झाला असा निष्कर्ष पुष्कळदा घाईने काढला जातो. वस्तुतः यांतील बहुतेक लक्षणे इतर आणि कमी खर्चाच्या भागांतील दोषांमुळेही उद्भवतात. टर्बोभारक खरोखरच निकामी झालेला असला, तरी त्यामागे बहुधा दुसरे एखादे कारण असते. ते दूर न करता बसविलेला नवा टर्बोभारकही त्याच रीतीने निकामी होतो. म्हणून स्वस्त व सोप्या तपासण्यांपासून सुरुवात करून क्रमाने पुढे जाणे, हे या दोषनिदानाचे मुख्य तत्त्व होय.

इतिहास : निष्कास वायूंच्या ऊर्जेवर एंजिनाचे भारण करण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९२० नंतरच्या दशकात जहाजांच्या एंजिनांत आणि पुढे मालमोटारींत तिचा उपयोग होऊ लागला. टर्बोभारित डीझेल एंजिन असलेली प्रवासी मोटारगाडी मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९७८ मध्ये विक्रीस आणली. भारतात या प्रकाराचा मोठा प्रसार १,२४८ घ. सेंमी. क्षमतेच्या ‘मल्टिजेट’ एंजिनामुळे झाला. २००३ मध्ये फियाट कंपनीने पुढे आणलेले हे एंजिन पुण्याजवळील रांजणगाव व हरयाणातील मानेसर येथेही तयार होत असे आणि अनेक कंपन्यांच्या मोटारगाड्यांत वापरले जात असे. त्याच्या कमी शक्तीच्या प्रकारात स्थिर रचनेचा, तर सु. ९० अश्वशक्तीच्या प्रकारात बदलत्या रचनेचा टर्बोभारक असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या भारतीय मोटारगाड्यांतील त्याचा वापर थांबला. परंतु आधी विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर असून त्यांच्याच बाबतीत प्रस्तुत प्रश्न वारंवार उद्भवतो.

रचना व कार्य : टरबाइन आणि संपीडक यांची चाके एकाच दंडावर बसविलेली असतात. लहान मोटारगाडीत हा दंड पूर्ण भाराखाली मिनिटाला दीड ते दोन लाख, काही प्रकारांत त्याहूनही अधिक फेरे करतो. दंडाला आधार देणाऱ्या धारव्यांना, म्हणजे बेअरिंगांना, एंजिनाचेच वंगण तेल दाबाखाली पुरविले जाते व फिरता दंड तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत राहतो. धारव्यांकडून तेल गुरुत्वाकर्षणाने खालच्या नळीवाटे तेलकुंडीत परत जाते. दंडाच्या टोकांशी रबरी सील नसून दट्ट्याच्या कड्यांसारखी बारीक कडी असतात. तेल बाहेर न येणे हे या कड्यांइतकेच दोन्ही बाजूंच्या दाबांवर अवलंबून असते. परतीची नळी तुंबली वा भुजापेटीतील दाब वाढला, तर निर्दोष टर्बोभारकातूनही तेल झिरपते. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे अनेक चांगले टर्बोभारक बदलले जातात.

स्थिर रचनेच्या टर्बोभारकात दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा निष्कास वायू टरबाइनीला वळसा घालून सोडणारी झडप असते. बदलत्या रचनेत टरबाइनीभोवती लहान फिरती पाती असतात. एंजिन मंद गतीने चालत असता ती वायूचा मार्ग अरुंद करून त्याचा वेग वाढवितात व गती वाढली की उघडतात. जुन्या वाहनांत त्यांची हालचाल बहुधा निर्वात पंप, विद्युत् झडप आणि पटल असलेली डबी यांच्या द्वारे होते. काजळीचे थर साचून ही पाती अडकणे हा या प्रकारातील नेहमीचा दोष आहे. पाती उघड्या स्थितीत अडकल्यास मंद गतीला ओढ राहत नाही व धूर येतो. मिटलेल्या स्थितीत अडकल्यास दाब मर्यादेबाहेर चढतो आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रक इंधन तोडून एंजिनाची शक्ती मर्यादित करतो. अशा वेळी गाडी एकदम मंदावते; एंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही वेळ ठीक चालते.

काजळीचे चक्र : काजळी हा दोषाचा परिणाम असतो, तसाच तो पुढील दोषांचे कारणही ठरतो. हवेच्या नळीला लहानशी चीर पडली, तर हवा कमी पडून काजळी वाढते. ही काजळी टर्बोभारकाच्या पात्यांवर आणि निष्कास वायूचे पुनराभिसरण करणाऱ्या, म्हणजे ईजीआर झडपेवर साचते. उघडी अडकलेली ही झडप निष्कास वायू अवाजवी प्रमाणात आत घेते. त्यामुळे ताजी हवा आणखी घटते. भुजापेटीतून येणारे तेलाचे तुषार व काजळी मिळून अंतर्ग्रहण मार्गात डांबरासारखा थर जमतो. काही काजळी वंगण तेलात उतरून ते दाट करते, धारवे झिजतात, तेल गळू लागते व ते जळून पुन्हा काजळी होते. हे चक्र ज्या ठिकाणी सुरू झाले, तेथेच ते तोडावे लागते.

धुराचा रंग : काळा धूर हवेची कमतरता किंवा इंधनाचे आधिक्य दर्शवितो. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे लक्षण होय. हे तेल टर्बोभारकातून, दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांवरून वा झडपांच्या सीलांमधून आलेले असू शकते. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाची वाफ किंवा सिलिंडरात शिरलेले शीतक पाणी यांमुळे येतो. थंड एंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. ओढ कमी असूनही धूर येत नसेल, तर इंधनाचा पुरवठाच अपुरा असण्याचा संभव असतो. यांत्रिक पंपाच्या जुन्या एंजिनांत हवेच्या दाबानुसार इंधन वाढविणारे पटल फाटल्यास असेच घडते.

तपासणीचा क्रम : (१) प्रथम हवेची गाळणी, नळ्या, त्यांचे पट्टे व दाबाखालची हवा थंड करणारा इंटरकूलर पाहतात. गळतीच्या जागी सहसा तेलकट काळा डाग दिसतो. नळ्यांची तोंडे बंद करून आत कमी दाबाची हवा सोडल्यास साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांवरून बारीक चीरही सापडते. हवा मोजणारा संवेदक गळतीच्या आधी असल्यामुळे निसटलेली हवाही नियंत्रक हिशेबात धरतो व त्या मानाने जादा इंधन सोडतो. काळ्या धुराचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

(२) नंतर दाबाच्या संवेदकाचे वाचन घेतात. एंजिन बंद असताना ते स्थानिक वातावरणीय दाबाइतके असावयास हवे : मुंबईस सु. १०१, पुण्यास सु. ९५ व महाबळेश्वरास सु. ८६ किलोपास्काल. यात मोठी तफावत असेल, तर संवेदकच सदोष असतो. चालत्या गाडीत अपेक्षित दाब व प्रत्यक्ष दाब यांची तुलना केल्यास दाब कमी पडतो की मर्यादेबाहेर जातो, ते कळते.

(३) निर्वात नळ्या कुरतडलेल्या वा सैल झालेल्या नाहीत ना ते पाहून हातपंपाने डबीवर निर्वात लावतात. तिचा दांडा न अडखळता पूर्ण सरकला पाहिजे आणि निर्वात टिकला पाहिजे. दांडा अडखळल्यास पात्यांवर काजळी साचलेली असते.

(४) ईजीआर झडप पूर्ण मिटते की नाही ते पाहतात. त्यानंतर अंतःक्षेपकांतून परत जाणाऱ्या इंधनाची तुलना करतात. एखाद्यातून इतरांपेक्षा पुष्कळ अधिक इंधन परत येत असेल, तर तो झिजलेला असतो.

(५) तेल ओतण्याचे झाकण काढल्यावर जोराने वायू येत असेल, तर दट्ट्याची कडी झिजल्याचा किंवा भुजापेटीची श्वसननळी तुंबल्याचा संशय घेऊन सिलिंडरांतील संपीडन मोजतात.

(६) निष्कास मार्गातील प्रतिदाब मोजतात. उत्प्रेरकी परिवर्तक वा काजळीची गाळणी तुंबल्यास टरबाइनीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक घटतो व टर्बोभारक चांगला असूनही काम करीत नाही.

(७) इतके झाल्यावरच टर्बोभारक उघडून पाहावयाचा असतो. थंड व बंद एंजिनात दंड बोटांनी हलविल्यास आडव्या दिशेने किंचित ढिलाई जाणवणे हा दोष नव्हे. परंतु दंडाच्या लांबीच्या दिशेने जाणवण्याइतकी हालचाल किंवा चाक कवचाला घासल्याच्या खुणा हा निश्चित दोष होय.

निकामी भागाचा पुरावा : काढलेला टर्बोभारक टाकून देण्यापूर्वी तपासणे अगत्याचे असते. संपीडकाच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या वा तुटलेल्या असतील, तर गाळणीच्या बाजूने धूळ अथवा बाहेरची वस्तू आलेली असते. टरबाइनीची पाती तुटली असतील, तर एंजिनातून तुकडा आलेला असतो. दंडावर ओरखडे असतील, तर तेल घाण होते. तो निळा पडला असेल, तर तेल पोचलेच नाही. तेलाच्या मार्गात कोळशासारखा थर असेल, तर तापलेले एंजिन वारंवार एकदम बंद केले गेलेले असते. या खुणांवरून मूळ कारण ठरवून ते दूर करतात. नवा टर्बोभारक बसविताना तेल, तेलाची गाळणी व तेल पुरविणारी नळी बदलतात, परतीची नळी मोकळी करतात, इंटरकूलरातील साचलेले तेल व धातूचे कण काढून टाकतात, धारव्यांत आधी तेल भरतात आणि एंजिन काही मिनिटे भार न देता मंद गतीने चालवितात.

धोका : टर्बोभारकातून वा भुजापेटीतून पुरेसे तेल अंतर्ग्रहण मार्गात गेल्यास डीझेल एंजिन त्याच तेलावर चालू लागते. त्याची गती अनियंत्रित वाढते आणि किल्ली बंद करूनही ते थांबत नाही, कारण इंधन बंद झाले तरी तेल जळतच असते. हातांनी गिअर बदलण्याची गाडी असल्यास ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गतीचा गिअर टाकून क्लच सोडल्याने एंजिन बंद पडू शकते; नाहीतर हवेचा मार्ग भक्कम सपाट वस्तूने बंद करावा लागतो. हवेच्या तोंडावर हात वा कापड कधीही ठेवू नये, तसेच एंजिनाजवळ वाकून उभे राहू नये. इंटरकूलरात बरेच तेल आढळल्यास गाडी चालविणे थांबविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

काजळीची गाळणी व आरोग्य : अलीकडच्या डीझेल वाहनांत काजळी अडविणारी गाळणी असते. तीत साचलेली काजळी वेळोवेळी सु. ६००° से. तापमानास जाळली जाते. थोड्या अंतराच्या शहरी फेऱ्यांत हे तापमान टिकत नाही व गाळणी तुंबते. लांबच्या अखंड प्रवासाने ती बहुधा मोकळी होते. वंगण तेलातील धातवीय घटकांची राख मात्र जळत नाही, म्हणून अशा एंजिनांत कमी राखेचे तेल वापरतात. वारंवार तुंबणारी गाळणी ही बहुधा आधी वर्णिलेल्या एखाद्या दोषाची खूण असते. ती काढून टाकल्याने दोष जात नाही, केवळ झाकला जातो आणि काजळी श्वासावाटे लोकांच्या फुप्फुसांत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेलच्या निष्कासाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. भारतात भारत स्टेज ४ पूर्वीच्या डीझेल वाहनांसाठी धुराच्या अपारदर्शकतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके व भारत स्टेज ४ वाहनांसाठी ५० एकके ठरविलेली आहे. दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर ही चाचणी केल्यास दोष खरोखर दूर झाला की नाही, याचा वस्तुनिष्ठ पडताळा मिळतो.

प्रतिबंधक उपाय : योग्य प्रतीचे तेल ठरलेल्या मुदतीत बदलणे, हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, एंजिन थंड असताना त्यावर एकदम भार न देणे आणि चढाच्या वा वेगवान प्रवासानंतर ते बंद करण्यापूर्वी सु. एक मिनिट मंद गतीने चालू ठेवणे, या सवयींनी टर्बोभारक सामान्यतः एंजिनाइतकाच टिकतो.