जन्मठेप म्हणजे 14 वर्षं? म्हातारा कैदी सुटतो कसा

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षंच ना?’

नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सुप्रीम कोर्टाने हे 1961 मध्येच सांगितलंय, तेही गोपाळ गोडसेच्या खटल्यात. त्याचं म्हणणं, माफीचे दिवस धरले तर माझी 20 वर्षं भरली, आता सोडा. कोर्ट म्हणालं, दिवस भरले म्हणून दार आपोआप उघडत नाही. सोडायचं की नाही, ते सरकार ठरवेल.

मग हे 14 आले कुठून? 1978 मध्ये कायद्यात 433-अ कलम घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली असेल तर 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकार शिक्षा कमी करून सोडू शकत नाही. (राष्ट्रपती-राज्यपालांचे माफीचे अधिकार वेगळे.) नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच 475 वं कलम आहे. थोडक्यात, 14 वर्षांनी सुटका होत नाही, फाइल उघडू शकते!

फाइलमध्ये काय बघतात? माणूस पुन्हा गुन्हा करेल का, तेवढी ताकद त्याच्यात उरलीये का, त्याला अजून आत ठेवून काही साधतं का, घरची परिस्थिती कशी आहे. वय इथे कामाला येतं. सत्तरीचा, काठी टेकत चालणारा माणूस यात बसायला हवा ना?

पण गंमत बघा. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात केंद्राने खास सूट आणली. साठीपुढचे पुरुष, पन्नाशीपुढच्या बायका आणि तृतीयपंथी, निम्मी शिक्षा भोगलेली असली तर सुटका. त्यातून जन्मठेपवाले मात्र वगळले. म्हणजे सगळ्यात जास्त वर्षं आत म्हातारे होणारेच बाहेर राहिले, बाहेर म्हणजे यादीच्या! मला हे पटत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. बिल्किस बानो प्रकरणातल्या 11 जणांना गुजरात सरकारने 2022 मध्ये सोडलं. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये ती सुटका रद्द केली. सूट देताना जिच्यावर अन्याय झाला ती विसरली, तर असं होतं.

खरी अडचण साधी आहे: अर्ज करणार कोण? आई-बाप गेले, मुलं तुटली, वकील परवडत नाही. म्हणून फेब्रुवारी 2025 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश मला मोठा वाटतो. ज्या राज्यात सुटकेचं धोरण आहे, तिथे कैदी नियमात बसला की सरकारने अर्जाची वाट न बघता विचार करायचा. आणि नाकारलं तर कारण लिहून कळवायचं.

ओळखीत कुणी आत असेल तर 15100 वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. कैद्याला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.