मावळच्या दगडांत कुणाकुणाची नावं

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून कामशेतला उतरणारी पाहुणे मंडळी बहुधा पॅराग्लायडिंगसाठी, नाहीतर पवना धरणाच्या काठी राहायला आलेली असतात. याच परिसरात दोन हजार वर्षांचा लेखी पुरावा दगडात कोरलेला आहे, हे मात्र जवळपास राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. मुलांच्या सुट्टीतला एखादा रविवार त्यासाठी जरूर काढावा. ‘हा वारसा कुणाचा?’ या प्रश्नावर आज जे राजकारण चालतं, त्याचं उत्तर या दगडांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे.

पाल्याचं पाणी

कामशेतच्या उत्तरेला, नाणे मावळात पाले गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. अरहंतांना वंदन करून तो सांगतो की, इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणं आणि ‘पोढी’ करवून घेतली. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले या अभ्यासकांनी हा लेख जैन परंपरेतला मानला. वाटसरूला पाणी मिळावं म्हणून खर्च करणं याला आपल्या घरात सदका-ए-जारिया म्हणतात. शब्द वेगळे, माणसाची तहान तीच.

दान आणि सत्ता

कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आहे. एवढं मोठं काम एकट्या राजाने केलेलं नाही. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी, धेनुकाकटचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सामी नावाचा सुतार आणि स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे परदेशी वंशाचे लोक, अशा अनेकांची नावं तिथे कोरलेली आहेत. कुणी दरवाजा दिला, तर कुणी खांब.

राजकारणही होतंच. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे. पुढे सत्ता बदलली, सातवाहन आले. त्यांचं दानपत्र ‘मामाड’ इथल्या अमात्याला उद्देशून आहे. आजचं ‘मावळ’ हे नाव याच शब्दाशी जोडलं जातं. लक्षात घ्यावं ते असं, की आधीचा राजा शत्रू होता म्हणून नव्या राजाने लेणी बंद पाडली नाहीत. त्यानेही भिक्षूंना दानच दिलं.

आज त्याच बौद्ध चैत्यासमोर एकवीरा देवीचं देऊळ आहे. कोकण-मुंबईचे कोळी आणि आगरी बांधव दरवर्षी पालख्या घेऊन तिथे येतात. एकाच डोंगरावर दोन श्रद्धा नांदतात.

लोहगड

मळवली स्टेशनवर उतरलं की लोहगडाची वाट लागते. बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा सत्ता पाहिलेला हा गड शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणला. १६६५च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७०मध्ये परत मिळवला. पेशवाईत नाना फडणवीसांनी इथे सोळा कोनी तलाव बांधवला. १८१८मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. महादरवाजा ओलांडला की जवळच दर्गाह आहे, आणि पुढे महादेवाचं देऊळही आहे.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात लोहगड आहे. मावळच्या प्रत्येक माणसाला याचा अभिमान वाटावा, आपल्यालाही. पण गेली काही वर्षं याच गडावर उरुसाच्या दिवसांत वाद उभा राहतो, जमावबंदीचे आदेश निघतात, पायथ्याशी पोलीस बंदोबस्त लागतो. ज्या वाटेवर सगळे मिळून चढत होते, तिथे माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. पायथ्याच्या गावात भाकरी-पिठलं विकून घर चालवणाऱ्या बाईची त्या दिवसांची कमाई बुडते, ती वेगळीच.

अशा वेळी आपण काय करावं? आवाज चढवून काही साधत नाही. गड केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. १९५८च्या कायद्याने संरक्षित वास्तूंबाबत नियम घालून दिले आहेत आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. हे नियम आपणही पाळावेत. आपलं म्हणणं असेल तर ते जुन्या नोंदी, कागदपत्रं हाती घेऊन, अर्ज करून, गरज पडल्यास न्यायालयात मांडावं. अफवेला अफवेने उत्तर देऊ नये. कायदा सर्वांना सारखाच लागू व्हावा, हा आग्रहही तितक्याच शांतपणे धरावा.

आणि त्याहून महत्त्वाचं, मुलांना घेऊन या जागा पाहाव्यात. फक्त दर्गाहवर जाऊन परतू नये. त्यांना नानांचा तलाव दाखवावा, कार्ल्याच्या खांबांवरची अक्षरं दाखवावीत, पाल्याच्या पोढीची गोष्ट सांगावी. भिंतीवर नाव कोरू देऊ नये. तिथे नावं आहेत ती देणाऱ्यांची. ज्या मुलाला पूर्ण डोंगर ठाऊक असेल, त्याला उद्या कुणी ‘तुझं इथे काय?’ असं विचारलं, तर ते गोंधळणार नाही, चिडणारही नाही. ‘सगळ्यांचं आहे, म्हणून माझंही आहे,’ एवढं ते शांतपणे सांगू शकेल.