अणदूरचे आलुरे गुरुजी

तुळजापूर तालुक्यातले अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या थोडे पुढे आहे. इथला खंडोबा वर्षातले सुमारे दहा महिने अणदूरला आणि दोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो. देव हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. दिलेला शब्द कागदावर उतरवून पाळायचा, ही या गावाची जुनी रीत. सि. ना. आलुरे गुरुजींनी आपले आयुष्य याच गावातल्या शाळेला दिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेऊन नळदुर्गवर चालून गेले. पाच दिवसांत संस्थान शरण आले. गुरुजी तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात होते. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी मुलांसाठी हायस्कुले मोजकीच, तीही मोठ्या गावांत. त्यामुळे खेड्यातल्या पोराचे शिक्षण चौथीच्या आसपास थांबायचे. निजाम गेला तरी ही अडचण आपोआप जाणार नव्हती. त्यासाठी गावोगाव शाळा काढणारी, चालवणारी माणसे लागणार होती.

अशा माणसांची परंपरा या भागात आधीपासून होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची. पुढे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. मला आलुरे गुरुजी त्याच वाटेवरचे वाटतात. फरक इतकाच, की स्वामीजींच्या पिढीने शाळेतून लढा उभा केला आणि गुरुजींच्या पिढीने लढा संपल्यावर शाळा उभ्या केल्या. हे दुसरे काम कमी गाजले, पण तेही तितकेच मोठे होते.

अणदूरचे जवाहर विद्यालय ही गुरुजींची कर्मभूमी. खेड्यातली शाळा चालवायची म्हणजे वर्गात शिकवण्यापलीकडे बरेच काही करावे लागते. अनुदानाची फाइल पुढे सरकवायची, शिक्षक टिकवायचे, लांबच्या वाड्या-तांड्यांवरच्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय बघायची आणि सुगीत शेतावर गेलेली मुले परत वर्गात आणायची. नळदुर्ग-तुळजापूर भागात महाविद्यालये चालवणाऱ्या बालाघाट शिक्षण संस्थेच्या उभारणीतही गुरुजींचा मोठा वाटा होता. उच्च शिक्षणासाठी सोलापूर गाठणे ज्यांना परवडत नव्हते, विशेषतः ज्या मुलींना घरातून लांब पाठवत नसत, त्यांच्यासाठी जवळचे महाविद्यालय म्हणजे पुढचे आयुष्यच होते.

१९८० साली तुळजापूरने त्यांना विधानसभेत पाठवले. आमदारकी आली आणि गेली, पण लोकांसाठी ते गुरुजीच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये, नव्वदीच्या आसपास, ते गेले.

मुख्याध्यापकाची खरी कमाई शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाचे नाव, त्याच्या वडिलांचा व्यवसाय, दाखला काढून नेल्याची तारीख, सारे तिथे सापडते. मराठवाड्याचा सामाजिक इतिहास लिहायला याहून अस्सल कागद दुसरा नाही. म्हणून अणदूरच्या माजी विद्यार्थ्यांना आणि इतर गावांतल्या शाळांनाही कळकळीची विनंती आहे: जुनी रजिस्टरे वाळवी लागण्याआधी स्कॅन करून घ्या आणि तुमच्या गुरुजींच्या आठवणी, ज्यांना त्या आठवतात ती माणसे आहेत तोवर, लिहून ठेवा.